माशी कुठे शिंकली

तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (या वेळी तो नुसता लिहिण्यापुरता नाही. गेले सात आठवडे मी दिवसातला बराच वेळ खरोखरच पालथा पडलेला असतो, हनुवटी सतरंजीला आणि कोपरं जमिनीला टेकलेली. तेव्हा नमस्कार आयताच घडतो आहे, तो तुम्ही घ्यावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या लेकीने फोनवर सांगितलं की आता तुम्ही काठीशिवाय गॅलरीपर्यंत जाता आणि काठी घेऊन कुठेच जात नाही. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. आई दोन्ही वेळा जेवायला बसते आणि दोन्ही वेळा अर्धं ताट परत करते. तुमच्या सूनबाई (आमच्या सौभाग्यवती) बऱ्या आहेत, अजून माझ्याशी बोलतात. माझी कोपरं सोलली आहेत, मान आखडली आहे आणि उजव्या डोळ्यापुढे एक काळा गोल कायमचा मुक्कामाला आला आहे, तो भिंतीवरही दिसतो आणि आमटीतही. बाइंडिंगच्या दुकानात काम बेताचं. जी जाडजूड रजिस्टरं पुन्हा कधीच कुणी उघडणार नाही, ती मजबूत शिवून द्या म्हणून लोक घेऊन येतात. मी शिवतो. बाबांना जाऊन आठ महिने झाले. ते बोलत कमीच, त्यामुळे त्यांच्या जाण्याने घर फार शांत होईल असं वाटलं नव्हतं. पण झालं आहे.

आता मूळ विषय. बाबा गेल्यावर त्यांची रायफल रीतसर माझ्या नावावर झाली हे तुम्हांला माहीत आहे. (कागदांवर सह्या करताना माझा हात हलला, तेव्हा समोरचा कारकून म्हणाला, रायफलच ना हो? मी म्हटलं, हो.) रायफल क्लबच्या कुलपातच असते, सात नंबरच्या खुंटीवर, जिथे ती तीस वर्षं होती. मी ती तशीच राहू दिली असती आणि तिनेही मला राहू दिलं असतं. पण क्लबच्या चिटणीसांचं पत्र आलं. चिटणीसांना तुम्ही ओळखताच, शिंक आली तरी आधी नियम बघतात. पत्रात होतं की खुंट्या नेमबाजी करणाऱ्या सभासदांसाठी आहेत. वारसाने पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा गोळ्यांपैकी सात काळ्या गोलात मारून दाखवल्या तर सात नंबरची खुंटी त्याची, नाहीतर रायफल कायमची निकामी करून समितीच्या खोलीत भिंतीवर लावण्यात येईल. त्या भिंतीवर सध्या एक बंद पडलेलं घड्याळ आहे आणि एक ढाल आहे, तिच्यावर काय कोरलंय ते आता कुणालाच वाचता येत नाही.

मी पत्र आईला वाचून दाखवलं आणि वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली, "त्यांना शोभेची वस्तू करू नकोस." त्यांना म्हणाली, रायफलीला नाही. मग उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी क्लबात नाव घातलं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नवशिक्यांच्या यादीत, शेवटी.

नवशिक्या म्हटलं तरी मी अगदीच कोरा नव्हतो. चौदाव्या वर्षी बाबांनी मला एकदा तिथे नेलं होतं. तीन गोळ्या मारल्यावर त्यांनी रायफल माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि म्हणाले, "तुझा हात हलतो." रागाने नाही, नकाशावरची उंची सांगावी तसं. ते नकाशाच्या कचेरीत आरेखक, आयुष्यभर केसाएवढ्या रेघा मारलेले, त्यांना हलणारा हात म्हणजे काय ते कळायचं. उरलेली सकाळ मी रिकामी काडतुसं गोळा केली. पुढे मी बाइंडर झालो, कारण खळीच्या डब्यात हात हलला तर खळ चांगली कालवली जाते. हे मी विनोदाने म्हणत आलो आहे. पण मामा, ते वाक्य मी तेहेतीस वर्षं अंगावर वागवलं आहे आणि ते कधीच हलकं झालं नाही.

पहिल्या दिवशी मी दहा गोळ्या झाडल्या. कार्डावर तीन भोकं. शेजारच्या पट्टीवर ते दाताचे डॉक्टर असतात ना, त्यांनीही दहाच झाडल्या, आणि त्यांच्या कार्डावर अकरा भोकं निघाली. ते अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी माझं भोक पेनाने गोल करून मला आणून दिलं. उरलेल्या सहा गोळ्यांचं काय झालं ते देवाला ठाऊक, कार्डांमागच्या मातीच्या ढिगाऱ्याने तरी तक्रार केली नाही.

आता बघा, नेम चुकला की माणूस आधी काय करतो? मी रायफलीवर संशय घेतला. एवढी जुनी वस्तू, बाबांच्या हाताला सवय झालेली, माझ्याशी फटकून वागत असणार. आणि क्लबातल्या प्रत्येकाकडे तिच्यासाठी एक औषध होतं. एक म्हणाला काडतुसं बदला. एक म्हणाला नळीत शिसं साचलंय, घासा. दुसरा म्हणाला जुन्या नळीला घासू नका, तिला थोडा मळ लागतो. (माझ्यासारख्या माणसाला हा सल्ला फार आवडला.) कुणी म्हणालं चष्मा बदला, कुणी म्हणालं श्वास धरा, कुणी म्हणालं श्वास सोडा, आणि डॉक्टर म्हणाले दात आवळू नका. मी काय केलं असेल? सगळं केलं, आणि एकाच आठवड्यात केलं. नवी काडतुसं, नवा चष्मा, कोपराखाली उशी. नळी घासली, ब्रश आत अडकला, तो काढायला तेल ओतलं, आणि पुढच्या गोळीबरोबर असा धूर निघाला की चिटणीस नियमांचं पुस्तक घेऊनच बाहेर आले. त्या दिवशी कार्डावर पाच भोकं आली, त्याच्या पुढच्या खेपेला दोन. पाच का आली ते कळलं नाही आणि दोन का आली तेही नाही. काय बदलल्याने काय झालं हे शोधायला गेलो तर एकही गोष्ट पूर्वीच्या जागी नव्हती.

घरी सराव वेगळाच. रायफल घरी आणता येत नाही, म्हणून मी बोळात सतरंजी घालून लांब दांड्याचा झाडू खांद्याला लावून पडायचो आणि समोरच्या दारावरच्या खिळ्यावर नेम धरायचो. सूनबाई पाण्याची घागर घेऊन माझ्यावरून ओलांडून जात. चौथ्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, की झाडूचा नेम लागायला लागला तर तो वापरायला मिळेल का. आई मात्र दारात येऊन उभी राहायची आणि माझ्या कोपराकडे बघायची. बाबांचं कोपर कुठे असायचं ते तिला माहीत असणार.

शेवटी डॉक्टरांनी मला क्लबच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या कुलूपवाल्याकडे पाठवलं. हा गृहस्थ कुलपं, शिलाईयंत्रं आणि क्लबच्या रायफली एकाच बाकावर दुरुस्त करतो आणि तिघांशीही माणसांपेक्षा आदराने वागतो. मी माझी कहाणी सुरू केली तर त्याने हात वर केला. म्हणाला, "साहेब, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की खोटं कोण बोलतंय ते कळत नाही." मग त्याने रायफल बाकावर ठेवली आणि दस्त्याचे, म्हणजे लाकडी भागाचे, स्क्रू तपासले. पुढचा स्क्रू चांगला दीड आटा फिरला. नळी लाकडात खुळखुळत होती, मामा! अर्ध्या पापाचं परिमार्जन तिथेच झालं. तो म्हणाला, हा स्क्रू आपोआप ढिला झालेला नाही, कुणीतरी पुन्हा पुन्हा उघडलेला आहे. मी त्या वेळी त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

स्क्रू आवळून मी दहा गोळ्या झाडल्या आणि पहिल्यांदाच दहाच्या दहा कार्डावर आल्या, एकमेकींना बिलगून, पण सगळ्या काळ्या गोलाच्या बाहेर, डाव्या कडेला. एखाद्या लग्नात नवऱ्याकडची सगळी माणसं एकाच कोपऱ्यात बसावी तशा. मी कार्ड आणि रायफल घेऊन धावत कुलूपवाल्याकडे गेलो. त्याने भिंग डोळ्याला लावून नळीच्या टोकावरची माशी बघितली, जिच्यावरून नेम धरतात ती बारीक खूण. म्हणाला, "माशी इथे शिंकली बघा," आणि स्वतःच्या विनोदावर हसलासुद्धा नाही. माशी मधल्या रेघेपासून उजवीकडे सरकलेली होती, म्हणून गोळ्या डावीकडे जात होत्या. मग त्याने भिंग माझ्या हातात दिलं. माशीच्या दोन्ही अंगांना हातोडीच्या बारीक खुणा होत्या. एक नाही, दोन नाही, कित्येक. इकडून ठोकलेली, तिकडून ठोकलेली, पुन्हा इकडून. त्याने विचारलं, कुणी ठोकली? मी म्हटलं, माझ्या वडिलांशिवाय या रायफलीला कुणी हात लावला नाही. त्याने भिंग परत घेऊन पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाला, "मग त्यांनीच. फार जपून ठोकलीय."

मला ते पटेना. बाबांना माशी ठोकायची गरज काय? शेवटपर्यंत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहापैकी दहा. क्लबच्या फलकावर खडूने लिहिलेलं असायचं, आम्ही सगळ्यांनी बघितलंय, आणि तुमच्यापेक्षा जास्त कुणी बघितलं असणार? तुम्ही तर त्या खड्ड्यात बसून त्यांची भोकं मोजत होता, वीस वर्षं. (नव्या सभासदांना सांगावं लागतं की मार्कर म्हणजे खड्ड्यातून कार्ड खाली ओढून भोकं मोजणारा माणूस आणि तो ज्याचा त्याने आणायचा असतो. बाबांनी मेहुणा आणला. मेहुणे अशा वेळी उपयोगी पडतात, असं ते म्हणायचे.)

मग मी त्यांची साफसफाईची पेटी घरी आणली. तळाशी एक वही होती, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. बुधवारी ते एकटेच सरावाला जात, त्याच्या नोंदी. त्यांच्या शेवटच्या तीन वर्षांच्या नोंदी बघतो तर, बुध. काळ्यात चार. हवा दमट. बुध. काळ्यात दोन. स्क्रू सोडून पुन्हा बसवला. बुध. काळ्यात एक. काडतुसं बदलली. माशी केसभर डावीकडे घेतली. आणि मध्येच, रवि. दहा पैकी दहा. काही कळत नाही. पुन्हा बुध. काळ्यात शून्य. माशी केसभर उजवीकडे. एका ठिकाणी चक्क लिहिलंय, रायफलीला बुधवार मानवत नसावा. मामा, मी पोट धरून हसलो आणि मग हसता हसता थांबलो. कारण जे मी सात आठवडे करत होतो, तेच ते तीन वर्षं करत होते. तीच काडतुसं, तोच स्क्रू, तीच माशी. रायफलीत दोष शोधत होते. आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, हे आम्हांला शेवटच्या वर्षी दवाखान्यात कळलं, तेव्हा ते म्हणाले होते, हा कालपरवाचा असेल.

पण मग रविवारी दहा कसे?

त्याचं उत्तर माझ्या दुकानात पडून होतं. चिटणीसांनी बाबांची सगळी रविवारची कार्डं मला दिली होती, ग्रंथ बांधून द्या, क्लबच्या कपाटात ठेवू. मी ती क्रमाने लावायला घेतली. आता माझी एक अडचण समजून घ्या. मला रायफलीतलं काही कळत नाही, पण कागदाला भोक कसं पडतं हे मी पंचवीस वर्षं बघतो आहे. टोचा कुठल्या बाजूने गेला, ते मी बोट फिरवून सांगतो. जुन्या कार्डांवर बोट फिरवलं, भोकांभोवती शिशाची राखाडी कड, आणि कागदाची भुरी, म्हणजे फाटलेल्या कडेचे उभे राहिलेले तंतू, मागच्या बाजूला. बरोबर आहे, गोळी पुढून आली. शेवटच्या तीन वर्षांच्या, पावसात बुडालेले रविवार सोडून उरलेल्या, एकतीस कार्डांवर बोट फिरवलं. कड नाही. भुरी पुढच्या बाजूला. म्हणजे तीन वर्षं गोळ्या ढिगाऱ्याकडून बाबांच्या दिशेने येत होत्या. मी भिंग लावलं. मामा, भोकांना सहा कोन आहेत. सहा कोनांची गोळी अजून कुठल्या कारखान्यात निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. सहा कोनांची वस्तू मला एकच माहीत आहे, आणि ती तुमच्या कानावर असायची.

खरी कार्डं तुम्ही घडी घालून खिशात टाकत असणार. मला राग आला होता, हे लपवत नाही. एकतर बाबांचा डोळा वेळेवर दाखवला गेला असता. आणि दुसरं म्हणजे, ज्या दहापैकी दहासमोर मी माझा हलणारा हात घेऊन उभा होतो, ते निदान शेवटची तीन वर्षं पेन्सिलीचे होते. दोन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडलो आणि तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकानाचं दार लावून घेतलं, कागद घोटायची हाडाची पट्टी घेतली आणि एकतीस कार्डांवरची तीनशे दहा भोकं, एकेक करून, भुरी दाबून सपाट केली, सहाही कोन घोटून गोल केले. पाठीमागे जाड कागद चिकटवला. आता ते भिंगालाही सापडणार नाही. सकाळी बसलो तो संध्याकाळी उठलो. तेवढ्या वेळात माझा हात एकदाही हलला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ग्रंथ चिटणीसांना दिला, त्यांनी आदराने कपाटात ठेवला. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी ते कधी चुकले नाहीत, आणि तसंच राहू द्यावं. कुलूपवाल्याने माशी मधल्या रेघेवर आणली. रायफलीत आता कसलाच दोष उरलेला नाही, आणि ही गेल्या सात आठवड्यांतली सगळ्यात वाईट बातमी आहे. माझे काळ्यात पाच येतात. एकदा सहा आले. सात कधीच नाही.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला तेल लावत जा, लेकीचं ऐकत जा. कळावे, म्हणजे कळलं असेल तर दोन ओळी लिहाव्या.

तुमचा भाचा
(सात नंबरच्या खुंटीखाली उभा असलेला)

ता. क. खरं काम राहिलंच. शेवटच्या रविवारी माझ्याकडे मार्कर नाही. डॉक्टर त्या वेळी स्वतः नेमबाजीला आहेत आणि सूनबाई म्हणतात की मी जिथे गोळ्या झाडतो त्या दिशेला त्या बसणार नाहीत. तुम्ही याल का? खड्ड्याला पाचच पायऱ्या आहेत, मी धरून उतरवीन. फक्त एक अट आहे. पेन्सिल आणायची नाही. मी खिसे तपासेन, आणि कानही. पाच आले तर पाच सांगा. रायफल भिंतीवर गेली तर गेली. मला आयुष्यात एकदा खरी भोकं बघायची आहेत.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर बाबांची वही शिवायला घेतली. शेवटची दोन पानं तेलाने चिकटली होती, ती हाडाच्या पट्टीने सोडवली. त्यांचं अक्षर तिथे बरंच वाकडं आहे. जसं आहे तसं उतरवतो: "रवि. दहा पैकी दहा. आज भोकं जरा मोठी आहेत. मेहुण्याने पेन्सिलीला टोक केलेलं दिसत नाही. त्याला काही बोललो नाही. गुडघा दुखत असताना तो माझ्यासाठी खड्ड्यात उतरतो." पुढे काही नाही. मामा, राग गेला. तुम्ही या, एवढंच.

ता. क. तिसरा. आत्ताच आईला सांगितलं की मामांना रविवारी बोलावतो आहे. तेवढंच सांगितलं, पेन्सिलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती उठली, बाबांच्या आरेखनाच्या डब्यातली एक पेन्सिल घेतली आणि खिडकीत बसून तिला टोक करते आहे. तेव्हा पेन्सिल खरंच आणू नका.